जुन्या घरातील उष्णतारोधक थर आणि अ‍ॅस्बेस्टॉस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या घरांच्या दुरुस्तीसंबंधी आलेल्या पत्रांपैकी अ‍ॅस्बेस्टॉसविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही घेतलेले घर १९६०च्या दशकातले आहे. पोटमाळ्यावर तुळयांच्या मधल्या जागेत करड्या-तपकिरी, किंचित चकाकणाऱ्या हलक्या खड्यांचा वीतभर जाडीचा थर पसरलेला आहे. घर विकणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे उष्णता अडवणारे साधे खनिज आहे. ते फावड्याने गोळा करून पोत्यांत भरावे आणि तिथे सामान ठेवण्याची सोय करावी, असा विचार आहे. तसे केले तर चालेल का?

उत्तर : कृपया तसे करू नये. आपल्या वर्णनावरून हे वर्मिक्युलाइट दिसते. अभ्रकाशी नाते सांगणारे हे खनिज तापवले की त्याच्या थरांत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुगून मूळच्या कितीतरी पट मोठा होतो. एखादा खडा निरखून पाहिला, तर मिटलेल्या पुस्तकाच्या पानांप्रमाणे एकावर एक बसलेले थर स्पष्ट दिसतात. या थरांमध्ये हवा कोंडली जात असल्यामुळे तो उष्णता अडवतो.

शुद्ध वर्मिक्युलाइट म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे, हे विकणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे; परंतु घरांमध्ये पोहोचलेला माल शुद्ध होता का, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेच्या माँटाना राज्यातील लिबी या गावाजवळच्या खाणीतून निघणाऱ्या वर्मिक्युलाइटमध्ये ट्रेमोलाइटच्या जातीचे अ‍ॅस्बेस्टॉस नैसर्गिकरीत्याच मिसळलेले होते. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या वर्मिक्युलाइटपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक माल या एका खाणीतून आला, आणि 'झोनोलाइट' या नावाने तो अमेरिकेत व कॅनडात असंख्य पोटमाळ्यांवर ओतला गेला. लिबीमध्ये खाणकामगारांबरोबरच त्यांच्या घरची माणसे आणि खाणीशी काहीही संबंध नसलेले गावकरीही आजारी पडले. अखेर २००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तेथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली.

याच संस्थेचा घरमालकांना सल्ला असा आहे, की पोटमाळ्यावर वर्मिक्युलाइट असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असे गृहीत धरावे आणि त्याला हात लावू नये. एखादी मूठ तपासून घेऊन निश्चिंत व्हावे असे आपल्याला वाटेल. पण बारीक तंतू खड्यांमधून झिरपत तळाशी जाऊन बसतात आणि वरवर घेतलेल्या नमुन्यात ते सापडतीलच असे नाही, त्यामुळे अशा निर्दोष अहवालावर मी तरी विसंबणार नाही. फावड्याचा एक फेरा मारला की तळाचे तंतू हवेत येतात, आणि पोती खाली नेताना तेच घरभर पसरतात. तूर्त पोटमाळ्यावर जाणे-येणे बंद ठेवावे, तेथे सामान ठेवू नये आणि मुलांना वर चढू देऊ नये. छतातील दिव्यांच्या भोवतालच्या फटी, पंख्याच्या हुकाजवळची छिद्रे आणि वर जाण्याच्या झडपेच्या कडा खालच्या बाजूने नीट बुजवून घ्याव्यात, म्हणजे वरची धूळ खोल्यांत झिरपणार नाही. तो थर काढायचाच असेल, तर ते काम अ‍ॅस्बेस्टॉस हटवण्याचे प्रशिक्षण व परवाना असलेल्या माणसांकडेच सोपवावे.

प्रश्न : आमच्या भिंतींच्या पोकळीत पिवळसर, कापसासारखा, हाताला टोचणारा थर आहे. हेही अ‍ॅस्बेस्टॉस का?

उत्तर : बहुधा नाही. पिवळी किंवा गुलाबी काचलोकर आणि करडी-हिरवट खनिजलोकर ही दोन्ही मानवनिर्मित असून त्यांच्यात अ‍ॅस्बेस्टॉस घालत नाहीत. मात्र अशा लोकरीच्या खाली आधीच्या काळातला दुसरा थर दडलेला असू शकतो, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे कोणीही, अगदी अनुभवी गवंडीही, खात्रीने सांगू शकत नाही. खात्री हवी असल्यास प्रशिक्षित माणसाकडून नमुना घेऊन प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा.

प्रश्न : अ‍ॅस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारे खनिजच आहे. धूळ तर आपल्या नाकातोंडात रोज जाते. मग याच धुळीचा एवढा धसका का घ्यायचा?

उत्तर : कारण या धुळीचा कण गोल नसतो, तो तंतू असतो, आणि घासला गेला की आडवा मोडण्याऐवजी उभा चिरत जाऊन अधिकाधिक बारीक होतो. हवेची तपासणी करताना प्रयोगशाळा पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि तीन मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचे तंतू मोजतात. माणसाच्या केसाची जाडी याच्या कित्येक पट असते. साध्या धुळीचे मोठे कण नाकात आणि श्वासनलिकांच्या ओल्या अस्तरावर अडकतात व कफाबरोबर बाहेर पडतात. हा बारीक तंतू मात्र हवेच्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होऊन फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो.

तेथे शरीराच्या भक्षक पेशी त्याला गिळून टाकण्याचा प्रयत्न करतात, पण लांब तंतू एका पेशीत मावत नाही. पेशी अर्धवट गिळलेल्या अवस्थेत दाहकारक रसायने सोडत राहते आणि मरते. मग दुसरी पेशी येते, तिचीही तीच गत होते. हा दाह महिने-दोन महिने नव्हे, तर वर्षानुवर्षे चालतो. त्यातून फुप्फुसाच्या मऊ ऊतींच्या जागी राठ व्रणऊती तयार होते आणि फुप्फुस आक्रसते, त्या आजाराला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. दाहामुळे आणि तंतूंच्या थेट संपर्कामुळे पेशींच्या जनुकांना इजा होऊन फुप्फुसाचा कर्करोग होतो. काही तंतू फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणापर्यंत सरकतात आणि तेथे मेसोथेलिओमा हा अतिशय घातक कर्करोग उद्भवतो. तोच पोटाच्या आवरणातही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्वरयंत्राच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशीही अ‍ॅस्बेस्टॉसचा कार्यकारणसंबंध मान्य केला आहे. तंतू शरीरात जाणे आणि आजार दिसणे यांच्यात वीस ते पन्नास वर्षांचे अंतर पडू शकते, आणि म्हणूनच हा धोका माणसाला समोर दिसत नाही. ज्या दिवशी छत फोडले त्या दिवशी शिंकही येत नाही.

हे ज्ञान नवे नाही, आणि याचाच मला सर्वांत अधिक विषाद वाटतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करून मरण पावलेल्या एका इंग्रज स्त्रीच्या फुप्फुसांचे वर्णन डॉ. कुक यांनी १९२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल ब्रिटिश सरकारपुढे आला आणि पुढच्याच वर्षी कारखान्यांसाठी धूळनियंत्रणाचे नियम झाले. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी या कामगारांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाचे वाढलेले प्रमाण दाखवून दिले. १९६० मध्ये वॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील निळ्या जातीच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या टापूतले मेसोथेलिओमाचे रुग्ण नोंदवले. त्यांच्यात खाणीत कधीही काम न केलेली, केवळ त्या परिसरात राहिलेली माणसेही होती. १९६४ मध्ये अमेरिकेत आयर्विंग सेलिकॉफ यांनी घरांवर व इमारतींवर उष्णतारोधक थर बसवणाऱ्या कामगारांमधील मृत्यूंचा हिशेब मांडला. एवढे सारे छापून आल्यावरही घरे याच मालाने बांधली जात राहिली. अमेरिकेत फवारून बसवण्याच्या थरावर १९७३ मध्ये आणि पाइपांवरच्या साचेबंद थरावर १९७५ मध्ये निर्बंध आले. आइसलँडने १९८३ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये निळे व तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस १९८५ मध्ये आणि पांढरे १९९९ मध्ये बंद झाले. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीस आणि युरोपीय संघात २००५ पासून पूर्ण बंदी आली. अमेरिकेने पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम केला तो थेट २०२४ मध्ये. जुन्या घराविषयी पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की घर कधी बांधले आणि त्यानंतर त्यात काय काय बसवले. आपल्या देशात बंदी असल्यास तिचे वर्ष त्याच्याशी ताडून पाहावे.

प्रश्न : पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस निरुपद्रवी असते असे एका ठेकेदाराने सांगितले. यात तथ्य आहे का?

उत्तर : नाही. निळे आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस मेसोथेलिओमाच्या बाबतीत अधिक जहाल आहे, एवढेच खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गवारीत अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व सहा प्रकार मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतात आणि पांढरे त्यांपैकीच एक आहे. ज्या पातळीखाली कर्करोगाचा धोका अजिबात उरत नाही, अशी सुरक्षित पातळी आढळलेली नाही. पांढरे निरुपद्रवी असते असे सांगणाऱ्याच्या हाती भिंत फोडण्याचे काम देऊ नये.

प्रश्न : माझ्या पतींनी सुटीच्या दिवशी बॉयलरच्या खोलीतील जुने पत्रे काढून तोडले आणि झाडून घेतले. नंतर कळले की ते अ‍ॅस्बेस्टॉसचे उष्णतारोधक फलक होते. चार वर्षांची मुलगी शेजारच्या खोलीत खेळत होती. आम्हा दोघांना झोप येत नाही. छातीचा एक्स-रे काढावा का?

उत्तर : आपली काळजी मी समजू शकतो, म्हणून आधी मुख्य गोष्ट सांगतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा धोका आयुष्यभरात श्वासावाटे आत गेलेल्या एकूण तंतूंवर, ते किती काळ जात राहिले यावर आणि कोणत्या प्रकारचे होते यावर अवलंबून असतो. आजारी पडलेल्यांपैकी बहुतेक जण वर्षानुवर्षे त्या धुळीत काम करणारे, किंवा तशा माणसांच्या घरात राहणारे होते. एका दिवसाच्या घटनेने वाढणारा धोका शून्य नसतो, पण फार लहान असतो, आणि तो आपल्या मुलीच्या बाबतीतही लहानच आहे.

एक्स-रे काढू नये. तंतू एक्स-रेत दिसत नाहीत आणि त्यांच्यामुळे होणारे बदल दिसायला दशके लागतात, त्यामुळे आज काढलेल्या चित्रातून कोणतीच माहिती मिळणार नाही. मुलीला मात्र विनाकारण किरणांना सामोरे जावे लागेल. तंतू शरीराबाहेर काढणारे औषध नाही. तशी औषधे किंवा 'शुद्धीकरण' विकणाऱ्यांपासून दूर राहावे. घटनेची तारीख, काय तोडले, किती वेळ आणि कोण कोण घरात होते, एवढे एका कागदावर लिहून तिघांच्याही वैद्यकीय कागदपत्रांत ठेवावे. तीस वर्षांनी एखाद्या डॉक्टरला त्याचा उपयोग होऊ शकेल.

आपले पती धूम्रपान करत असतील, तर त्यांच्या हातात असलेला सर्वांत मोठा उपाय ते सोडणे हा आहे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उष्णतारोधक थर बसवणाऱ्या अमेरिकी कामगारांच्या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका केवळ अ‍ॅस्बेस्टॉसमुळे सुमारे पाचपट, केवळ धूम्रपानामुळे सुमारे अकरापट आणि दोन्ही एकत्र आल्यावर पन्नासपटींहून अधिक होता. हे आकडे दीर्घकाळ त्या धुळीत राबलेल्यांचे आहेत, एका दिवसाचे नव्हेत. मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी असा संबंध नाही.

आता घराविषयी, कारण तेथे अजून करण्यासारखे बरेच आहे. ती खोली बंद करावी, पंखा लावू नये, आणि झाडू किंवा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर पुन्हा वापरू नये. साध्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून बारीक तंतू आरपार जातात आणि मागच्या बाजूने हवेत फेकले जातात. आधी वापरलेला झाडू आणि पतींचे त्या दिवशीचे कपडे न झटकता, पाण्याने ओलसर करून दुहेरी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. ते धुण्याच्या यंत्रात घालू नयेत. तुटलेले फलक उघड्यावर टाकू नयेत, तसेच साध्या कचऱ्यातही देऊ नयेत. उष्णतारोधक फलकांत अ‍ॅस्बेस्टॉसचे प्रमाण सिमेंटच्या पत्र्यांपेक्षा बरेच जास्त असते आणि ते सहज भुगा होतात, त्यामुळे त्या खोलीची सफाई प्रशिक्षित माणसांकडून हेपा फिल्टरच्या (अतिशय बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीच्या) यंत्राने आणि ओल्या फडक्यांनी करवून घ्यावी. काम झाल्यावर हवेची तपासणी करून अहवाल हाती येईपर्यंत मुलीला तिकडे जाऊ देऊ नये.

प्रश्न : वडील तीस वर्षे बॉयलरवर आणि पाइपांवर थर बसवण्याचे काम करत. आईने कधी नोकरी केली नाही, पण त्यांचे पांढरे झालेले कपडे तीच झटकून धूत असे. आता ती ७४ वर्षांची आहे आणि जिना चढताना तिला धाप लागते. डॉक्टर म्हणाले, वयामुळे असेल.

उत्तर : वयामुळे असेलही, परंतु आपण पुढच्या भेटीत डॉक्टरांना वडिलांचे काम आणि त्या कपड्यांची गोष्ट आवर्जून सांगावी. स्त्री घरकाम करत होती एवढ्यावरच बहुतेक वेळा हा प्रश्न विचारला जात नाही आणि निदान लांबते. कपड्यांवरून घरात येणारी धूळ ही किरकोळ बाब नाही. १९६५ मध्ये लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या घरात राहिलेल्या आणि त्यांचे कपडे धुणाऱ्या स्त्रिया त्यांना रुग्णांत आढळल्या.

डॉक्टर स्टेथोस्कोपने फुप्फुसांच्या तळाशी विशिष्ट बारीक कडकड आवाज ऐकतील, श्वसनक्षमता मोजतील आणि गरज वाटल्यास छातीचे सीटी स्कॅन करतील. या वयात आणि या पूर्वेतिहासात ते रास्त आहे. स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या आवरणावर जाड चकत्यांसारखे डाग दिसले तर घाबरून जाऊ नये. ते पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस शरीरात गेल्याची खूण असतात, ते कर्करोग नसतात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर होत नाही. छातीत एका बाजूला सतत दुखणे, फुप्फुसाभोवती पाणी साचणे, कारण नसताना वजन उतरणे, ही लक्षणे मात्र थांबू देणारी नाहीत. अशा वेळी त्या पाण्याची आणि बहुतेकदा आवरणाच्या तुकड्याचीही तपासणी करावी लागते. मेसोथेलिओमावर अद्याप खात्रीचा इलाज नसला, तरी केमोथेरपीबरोबर इम्युनोथेरपीचाही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या उपचाराचाही) पर्याय आता उपलब्ध झाला आहे आणि काही रुग्णांना त्याने अधिक आयुष्य मिळते, त्यामुळे 'या वयात कशाला तपासायचे' असे कोणालाही म्हणू देऊ नये.

प्रश्न : तळघरातील गरम पाण्याच्या पाइपांवर कॅनव्हाससारखे कापड गुंडाळलेले आहे. वळणाजवळ ते फाटले असून आतून खडूसारखा पांढरा भुगा गळतो. पुढच्या आठवड्यात तिथेच वायरिंगचे काम आहे. सगळे काढून टाकणे बरे, की झाकून ठेवणे?

उत्तर : वायरिंगचे काम पुढे ढकलावे. पाइपांवरचा हा जुना थर घरात सापडणाऱ्या सर्वांत धोकादायक मालांपैकी आहे, कारण त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे प्रमाण मोठे असू शकते आणि कोरडा असताना तो बोटांनी चुरडता येतो. पाइपांच्या वळणांवर हा माल जागेवरच कालवून हाताने थापत असत, त्यामुळे सरळ भागावर निर्दोष थर असला तरी वळणावर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. नमुने घेताना दोन्ही ठिकाणचे घ्यावेत.

सगळे काढणेच नेहमी शहाणपणाचे असते असे नाही. थर घट्ट असेल, फाटलेला नसेल आणि त्या जागी कोणाचा हात लागणार नसेल, तर त्यावर चिकट लेप चढवून किंवा भोवती पेटी बसवून तो बंद करणे आणि वर्षातून एकदा पाहणी करणे पुरेसे असते. निष्काळजीपणे काढलेला थर जागेवर असलेल्या थरापेक्षा अधिक घात करतो. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे १९६८ ते १९७९ या काळात घरांच्या छपराखाली सुटे तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस यंत्राने फुंकून भरले गेले होते. सरकारने १९८०च्या दशकाच्या अखेरीस हजाराहून अधिक घरांतून ते काढले, तरी भिंतींच्या पोकळ्यांत तंतू उरलेच. शेवटी २०१४ पासून ती घरे सरकारला विकत घेऊन पाडावी लागली.

आपल्या घरी मात्र थर फाटलेला आहे, भुगा गळतो आहे आणि त्याच जागी माणसे काम करणार आहेत, म्हणून निदान वळणांचा भाग तरी काढावा किंवा पक्का बंद करावा असे मी म्हणेन. तोवर तळघर बंद ठेवावे. ठेकेदार निवडताना त्याला विचारावे, की तो खोलीभोवती प्लॅस्टिकचा पडदा लावून हवा आतल्या बाजूला ओढणारे यंत्र बसवणार का, थर आधी साबण मिसळलेल्या पाण्याने भिजवणार का, कामगारांना एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचे (बारीक धूळ अडवणारे) मास्क आणि टाकाऊ पोशाख देणार का, आणि काम संपल्यावर हवेची तपासणी त्याच्याशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून होणार का. कापडी किंवा साधा वैद्यकीय मास्क या कामाला निरुपयोगी आहे. यांपैकी एकाही प्रश्नावर त्याने टाळाटाळ केली, तर दुसरा ठेकेदार पाहावा.

वायरिंग करणाऱ्या माणसाला हे आपण स्वतः सांगावे. आपल्या घरी एकदा भोक पाडले जाते. तो, त्याचा मदतनीस, प्लंबर आणि सुतार अशी भोके रोज निरनिराळ्या जुन्या घरांत पाडतात आणि त्यांच्या फुप्फुसांत त्या सगळ्या घरांची धूळ साठत जाते. पाइपांवर ठळक अक्षरांत सूचना चिकटवावी, प्रयोगशाळेचा अहवाल आणि थर कोठे कोठे आहे याचा साधा आराखडा घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावा, आणि पुढे घर विकले तर ते दोन्ही घेणाऱ्याच्या हाती द्यावे.